अर्थिंगचा ओहम नंतर, आधी करंटची परतीची वाट

मे महिन्यात चाकणला एखाद्या कारखान्यात अर्थिंगची टेस्ट असली की आदल्या संध्याकाळी पिटांमध्ये, म्हणजे अर्थिंगचा इलेक्ट्रोड पुरलेल्या खड्ड्यांमध्ये, पाणी सोडलं जातं. बादलीने नाही, टँकरने. सकाळी मीटर ०.८ ओहम दाखवतो, रिपोर्टवर सही होते, चहा येतो. सुरुवातीची दोन वर्षं तो चहा मीही प्यायलो. मग हळूहळू लक्षात आलं की त्या ०.८ चा आणि फॉल्ट झाल्यावर ब्रेकर उडणार की नाही याचा संबंध आपण धरून चालतो तेवढा नसतो. काही फॉल्टच्या बाबतीत तर तो जवळजवळ नसतोच.

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग संपवून भोसरी, चाकण, रांजणगाव, तळेगाव अशा ठिकाणी २२ केव्हीच्या सबस्टेशनवर पहिल्यांदाच उभं राहणाऱ्यांसाठी हे लिहितोय. नव्या साइटवर गेल्यावर मी ज्या क्रमाने बघतो, तोच क्रम इथे ठेवलाय. लेख वाचला म्हणून पॅनेल उघडायला जाऊ नका. एचटीचं, म्हणजे उच्च दाबाचं, काम परमिट घेऊन, अधिकृत माणसाच्या हाताखालीच.

पहिली पायरी: फॉल्टचा करंट घरी कसा जातो ते कागदावर काढा

करंट ‘जमिनीत जातो’ असं आपण सरसकट म्हणतो. जमीन म्हणजे काही करंट मुरवणारा शोषखड्डा नाही. करंट ज्या ट्रान्सफॉर्मरमधून निघाला त्याच्याच न्यूट्रलला त्याला परत जायचं असतं. जमीन ही वाटेतली एक सोय, तीही बऱ्याचदा खडकाळ.

पुण्याच्या औद्योगिक भागात महावितरणचा पुरवठा बहुतेक २२ केव्हीचा असतो आणि आपल्या आवारात २२ केव्ही/४३३ व्होल्टचा डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मर बसलेला असतो. सिंगल लाइन डायग्राम समोर घ्या आणि दोन रंगांनी दोन फॉल्ट काढा.

पहिला फॉल्ट २२ केव्हीच्या बुशिंगवर. या बाजूला आपला ट्रान्सफॉर्मर डेल्टा आहे, म्हणजे न्यूट्रल आपल्याकडे नाहीच. तो आहे काही किलोमीटर लांब, महापारेषणच्या सबस्टेशनातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर. पुरवठा केबलने आला असेल तर परतीच्या करंटचा मोठा वाटा केबलच्या स्क्रीनमधून (कोअरभोवतीचं धातूचं आवरण) आणि आर्मरमधून (बाहेरचं धातूचं कवच) जातो. ओव्हरहेड लाइनने आला असेल तर जवळजवळ सगळा जमिनीतून. या फॉल्टला तुमच्या ग्रिडच्या, म्हणजे जमिनीखाली पट्ट्या आणि इलेक्ट्रोड जोडून केलेल्या जाळीच्या, ओहमला खरा अर्थ आहे. वरचा न्यूट्रल थेट अर्थ केलाय की रेझिस्टरमधून, आणि आपल्या पॉइंटला अर्थ फॉल्टची पातळी किती, हे महावितरणकडून लेखी घ्या. तोंडी आकडा माणसागणिक बदलतो.

दुसरा फॉल्ट ४३३ व्होल्टच्या बाजूला, समजा एखाद्या मशीनच्या बॉडीला फेज लागला. आता न्यूट्रल आपल्याच आवारात आहे आणि करंटला तिथे न्यायचं काम अर्थिंगच्या धातूच्या पट्टीचं आहे. जमिनीच्या भरवशावर राहिलात तर काय होतं बघा. न्यूट्रलचे पिट वेगळे, बॉडीचे पिट वेगळे, दोन्ही एकेक ओहमचे, म्हणजे टेस्टमध्ये झकास पास. पण दोघांना जोडणारी पट्टी कुणी टाकलीच नाही. फेजचा व्होल्टेज २५० धरा. करंट येईल २५० भागिले २, म्हणजे १२५ अँपिअर. ८०० अँपिअरच्या एसीबीला (एअर सर्किट ब्रेकरला) वेगळं अर्थ फॉल्ट प्रोटेक्शन नसेल तर हा करंट लोडच वाटेल. ब्रेकर जागचा हलणार नाही आणि मशीनची बॉडी १२५ व्होल्टवर तशीच बसून राहील, कुणाचा तरी हात लागेपर्यंत.

‘न्यूट्रल आणि बॉडी कधी एक करायचे नाहीत’ हे वाक्य साइटवर तुम्हाला एखादे काका ठामपणे सांगतील. ते पिटांपुरतं आणि खालच्या वितरण बोर्डांपुरतं खरं आहे. ट्रान्सफॉर्मरच्या न्यूट्रलला दोन स्वतंत्र पट्ट्या, दोन स्वतंत्र इलेक्ट्रोड हवेतच. पण ते सगळे इलेक्ट्रोड पट्टीने एका ग्रिडमध्ये बांधलेले असायला हवेत. पुढे बोर्डात न्यूट्रल पुन्हा अर्थला लावायचा नाही, कारण मग परतीचा करंट दोन वाटांनी फुटतो आणि अर्थ फॉल्टचा रिले (करंट बघून ब्रेकरला उडायला सांगणारं उपकरण) चुकीचं मोजतो.

दुसरी पायरी: जमीन ओळखा

पुण्याची जमीन अर्थिंगच्या बाबतीत खट आहे. वर कुठे काळी माती, कुठे मुरूम, आणि खाली बेसॉल्टचा कातळ. काळी माती ओली असताना उत्तम. उन्हाळ्यात भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. कातळाचं तर विचारूच नका. म्हणून मोजल्याशिवाय डिझाइन नाही.

चार खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर ठोका. बाहेरच्या दोनमधून मीटर करंट सोडतो, आतल्या दोनवर व्होल्टेज मोजतो. अंतर मीटरमध्ये आणि रीडिंग ओहममध्ये घेऊन २ × ३.१४ × अंतर × रीडिंग केलं की रेझिस्टिव्हिटी ओहम-मीटरमध्ये मिळते. ३ मीटरवर ५.३ ओहम आले तर साधारण १०० ओहम-मीटर. अंतर एक मीटरपासून वाढवत न्या. जितकं अंतर जास्त तितक्या खोलवरचं कळतं. अंतर वाढवल्यावर आकडा एकदम चढला तर खाली कातळ लागलाय, हे खड्डा न खणताच समजतं.

आता याच १०० ओहम-मीटरच्या बऱ्यापैकी जमिनीत ४० मिमी व्यासाचा, ३ मीटरचा एक पाइप उभा पुरला तर किती ओहम येतील? आयएस ३०४३ या अर्थिंगच्या भारतीय मानकातल्या सूत्राने साधारण ३०. नवीन मुलांना हा आकडा सांगितला की ती माझ्याकडे संशयाने बघतात, कारण त्यांनी ‘एक पिट, एक ओहम’ असंच ऐकलेलं असतं. दुसरा पाइप शेजारीच पुरून ३० चे १५ होत नाहीत. दोघांत लांबीच्या किमान दुप्पट, म्हणजे सहा मीटर अंतर लागतं. खरा फरक पाडते ती जमिनीखालची जाळी. २० बाय २० मीटरच्या यार्डात २०० मीटर पट्टी अंथरली तर त्याच जमिनीत साधारण २.७ ओहम मिळतात. जमीन हजार ओहम-मीटरची असेल तर याच जाळीचे २७ होतात. मग बोअरवेलची गाडी बोलवा, कातळात खोल भोक घ्या, इलेक्ट्रोड सोडा आणि भोवती बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) भरा. कातळात सुरुंगाने खड्डा करून त्यात माती भरणं म्हणजे कुंडीत अर्थिंग लावणं.

मीठ-कोळशाबद्दल माझं मत: मीठ पहिल्या वर्षी रीडिंग सुधारतं आणि पुढच्या वर्षांत जीआयचा (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा) पाइप खातं. जुना पिट उकरला की हातात गंजाचा चुरा येतो. बेंटोनाइट महाग वाटतो, पण खड्डा दुसऱ्यांदा खणायची मजुरी धरली तर वाटणार नाही.

तिसरी पायरी: पट्टी

इथे गणित सोपं आहे. स्टीलच्या पट्टीचा एक चौरस मिमी एका सेकंदासाठी साधारण ८० अँपिअर सोसतो. समजा फॉल्ट २५ हजार अँपिअरचा, एक सेकंद: २५,००० भागिले ८०, म्हणजे ३१२ चौरस मिमी. ५० × ६ ची पट्टी ३०० भरते, म्हणजे कमी पडते. त्यात गंजाची सूट धरायची. ६५ × ८ घ्या आणि शांत झोपा. काळ एकाऐवजी तीन सेकंद धरला तर वर्गमुळाने, म्हणजे १.७३ पटीने वाढवा.

पट्टी साधारण ६०० मिमी खोल, जमिनीखालचे सगळे जोड वेल्डचे, वर बिटुमेन. मातीखाली नटबोल्ट नको. प्रत्येक उपकरणाच्या बॉडीला दोन वेगवेगळ्या बाजूंनी पट्टी आणायची. एकाच राइझरवर (ग्रिडमधून वर आलेल्या पट्टीवर) दोन बोल्ट मारून ‘डबल अर्थिंग’ होत नाही. लायटनिंग अरेस्टरची पट्टी शक्य तितकी सरळ आणि आखूड, स्वतःच्या इलेक्ट्रोडला, आणि ग्रिडलाही जोडलेली. कुंपण आणि गेट विसरले जातात. गेटच्या बिजागरीवर विसंबू नका, लवचिक ब्रेड (विणलेली तांब्याची पट्टी) लावा.

चौथी पायरी: खडी ही शोभेची नाही

फॉल्टच्या वेळी सगळा ग्रिडच वर उचलला जातो. जमिनीतून १,००० अँपिअर गेले आणि ग्रिड २.७ ओहमचा असेल तर लांबच्या जमिनीच्या तुलनेत तुमचं यार्ड क्षणभर २,७०० व्होल्टवर असतं. ग्रिड एक ओहमचा केला तरी हजार व्होल्ट आहेतच. म्हणजे माणूस वाचतो तो कमी ओहममुळे नव्हे, तर हात लागलेलं लोखंड आणि पायाखालची जमीन एकत्र वर उचलली गेल्यामुळे. या दोघांत जो फरक उरतो तो टच व्होल्टेज.

किती फरक सोसेल याचा हिशोब आयईईई ८० या सबस्टेशन अर्थिंगच्या मानकात ५० किलोच्या माणसासाठी दिलाय. फॉल्ट अर्ध्या सेकंदात तुटला आणि माणूस १०० ओहम-मीटरच्या उघड्या मातीवर उभा असेल, तर मर्यादा साधारण १९० व्होल्ट. त्याच जागी चांगल्या खडीचा थर असेल, तर साधारण ७५० व्होल्ट. पायाखालची खडी ही चौपट सवलत आहे. पावसाळ्यात ट्रकच्या चाकांनी चिखल आणून खडीत भरला, वर गवत उगवलं, की ती सवलत संपली. यार्डातलं गवत ही हाउसकीपिंगची बाब नाही, प्रोटेक्शनची आहे. ते काढायचं बजेट मी इलेक्ट्रिकलमध्येच मागतो.

याच हिशोबात वेळ वर्गमुळाखाली बसलाय. अर्ध्या सेकंदाऐवजी ०.२ सेकंदात फॉल्ट तुटला तर ७५० ची मर्यादा जवळपास १,२०० वर जाते. म्हणजे रिले लवकर चालवणं हेही अर्थिंगचंच काम. पट्टीवाला कंत्राटदार आणि रिलेवाला इंजिनिअर एकमेकांना ओळखत नसतात, हे आपल्याकडचं नेहमीचं दुखणं.

पाचवी पायरी: रिले कोणत्या डोळ्यांनी बघतो

अर्थ फॉल्ट मोजायच्या तीन रीती नेहमी भेटतील. पहिली, तीन फेजच्या तीन सीटींची (करंट ट्रान्सफॉर्मर, रिलेसाठी करंट लहान करून देणारे) बेरीज. लोड समतोल असेल तर बेरीज शून्याच्या आसपास. स्वस्त आणि सोपी, पण ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना इनरशमुळे (सुरुवातीच्या क्षणिक मोठ्या करंटमुळे) एखादा सीटी सॅच्युरेट झाला, म्हणजे त्याला खरा करंट दाखवता येईना, की खोटी बेरीज दिसते, म्हणून फार खाली सेट करता येत नाही. दुसरी, न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधल्या जोडावर एक सीटी. तो न्यूट्रलच्या बसबारवर बसवला तर साध्या असमतोल लोडलाही ट्रिप देईल; जागा बघून बसवा.

तिसरी रीत कोअर बॅलन्स सीटी, म्हणजे सीबीसीटी: अख्खी केबल एका मोठ्या कड्यातून. तीन फेजचे करंट आतल्या आत मिटतात, उरतो तो गळतीचा. काही अँपिअरचा फॉल्टही दिसतो. आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात.

एका कारखान्यात नवा २२ केव्ही फीडर चार्ज केला आणि तो दर एक-दोन दिवसांनी अर्थ फॉल्टवर उडू लागला. केबल मेगर केली (इन्सुलेशन तपासलं), ठणठणीत. टर्मिनेशन उघडून पुन्हा केलं. रिले बदलला. चौथ्या दिवशी मी केबल चेंबरमध्ये बॅटरी घेऊन पाठीवर झोपलो आणि वर बघत बसलो. सीबीसीटी केबलच्या खालच्या भागावर होता, स्क्रीन आणि आर्मरसकट. टर्मिनेशनच्या फाट्यापासून स्क्रीनची तांब्याची ब्रेड निघत होती आणि थेट बाजूच्या अर्थ बसवर गेली होती, सुबक, घडी घालून, लग क्रिंप करून. दिसायला इतकी नीटनेटकी की तिच्यावर कुणाला संशयच आला नाही.

चूक अशी: स्क्रीन दोन्ही टोकांना अर्थ केलेली, त्यामुळे तिच्यातून थोडा करंट कायम फिरत असतो, शेजारी कुठे फॉल्ट झाला तर बराच जास्त. तो सीबीसीटीतून एकदाच जातो, परत येत नाही, म्हणून रिलेला गळती वाटते. उलट खऱ्या फॉल्टमध्ये फेजचा करंट पुढे आणि स्क्रीनमधून परत, दोन्ही त्याच कड्यातून. ते एकमेकांना खातात आणि रिले आंधळा होतो. म्हणजे नको तेव्हा उडतो आणि हवं तेव्हा गप्प बसतो. उपाय वीस मिनिटांचा: ब्रेड सोडवली, तिच्यावर इन्सुलेशनची स्लीव्ह चढवली, सीबीसीटीच्या कड्यातून उलट खाली आणली आणि मगच अर्थला लावली. सीबीसीटी फाट्याच्या वर, फक्त कोअरांवर असेल तर ब्रेड परत आणायची गरज नाही. तिथे आणली तर तीच चूक होईल. म्हणून आधी कडं कुठे आहे ते बघा.

हा फीडर कमिशनिंगच्या सगळ्या चाचण्या पास होऊन आला होता, कारण रिलेच्या टर्मिनलवर सेकंडरी इंजेक्शन करून, म्हणजे टेस्ट किटमधून थेट रिलेत करंट सोडून, रिपोर्ट भरला होता. त्या चाचणीत सीबीसीटी वाटेत येतच नाही.

सहावी पायरी: सेटिंग

२ एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर घ्या. २२ केव्हीला पूर्ण लोडचा करंट साडेबावन्न अँपिअर. सीटी ७५/१. अर्थ फॉल्ट २० टक्के ठेवला तर १५ अँपिअरला रिले जागा होतो. आपला ट्रान्सफॉर्मर डेल्टा असल्यामुळे ४३३ व्होल्टच्या बाजूचा अर्थ फॉल्ट या रिलेला अर्थ फॉल्ट म्हणून दिसतच नाही. त्यामुळे खालच्या ब्रेकरसाठी थांबायची गरज नाही, वेळ ०.१ सेकंदाच्या आसपास ठेवता येते. इनरशला खोटा उडत असेल तर लगेच टक्केवारी वाढवू नका, आधी रिलेतला सेकंड हार्मोनिक ब्लॉक (इनरश ओळखून ट्रिप रोखणारी सोय) बघा.

वरच्या बाजूला मात्र सांभाळावं लागतं. महावितरणच्या फीडरचं अर्थ फॉल्टचं सेटिंग मागून घ्या आणि त्यांच्या व आपल्या वेळेत साधारण ०.३ सेकंदाचं अंतर ठेवा. त्यांचा रिले नॉर्मल इन्व्हर्स कर्व्हवर (करंट जास्त तितकी वेळ कमी) असेल, तर सेटिंगच्या दहापट करंटला तो टाइम मल्टिप्लायर (वेळेचा गुणक) १ असताना जवळपास ३ सेकंद घेतो, ०.१ असताना ०.३. या हिशोबात चूक झाली की तुमच्या फॉल्टला त्यांचा फीडर उडतो, अख्ख्या लेनमधले कारखाने अंधारात जातात आणि त्या संध्याकाळी तुमचा मोबाइल थांबत नाही.

आत ६.६ किंवा ११ केव्हीच्या मोठ्या मोटरी असतील तर त्या सिस्टीमचा न्यूट्रल बहुधा रेझिस्टरमधून अर्थ केलेला असतो. ११ केव्हीला ४०० अँपिअरवर रोखायचं तर ६,३५१ व्होल्ट भागिले ४००, म्हणजे १६ ओहमच्या जवळपास. रिले त्या ४०० च्या दहा टक्क्यांवर ठेवायची पद्धत आहे. हा रेझिस्टर आतून तुटला तर कुठलाही दिवा लागत नाही, सिस्टीम गुपचूप तरंगती होते आणि अर्थ फॉल्टचा रिले नुसता शोभेला उरतो. वर्षातून एकदा त्याचे ओहम मोजा.

सातवी पायरी: गुरुवार

पुणे परिसरात शटडाऊनचा दिवस गुरुवार, हे सांगायला नको. त्या चार-सहा तासांत काय उरकायचं ते बुधवारीच लिहून ठेवा.

आयसोलेट करा, कुलूप-टॅग लावा, एचटी डिटेक्टरने तीनही फेज तपासा (आधी डिटेक्टर चालू आहे ना, ते तपासा). मग डिस्चार्ज रॉड. रॉडची अर्थची बाजू आधी, कंडक्टरची नंतर. काढताना उलट: कंडक्टर आधी, अर्थ शेवटी. घाईत हा क्रम उलटा करणारे अनुभवी लोक मी पाहिलेत. अनुभवाचा इथे उपयोग नसतो.

ग्रिडच्या टेस्टला मीटरची करंटची खुंटी खूप लांब न्यावी लागते. २० बाय २० च्या यार्डाचा कर्ण २८ मीटर, त्याच्या पाचपट म्हणजे १४० मीटर. कंपाउंडमध्ये एवढी जागा नसते, म्हणून एमआयडीसीच्या रस्त्याकडेने वायर टाकावी लागते. गुरुवारी रस्ता रिकामा असतो, ही त्यातली सोय. व्होल्टेजची खुंटी ६२ टक्क्यांवर, सुमारे ८७ मीटर. तेवढ्यावर थांबू नका. ५२ आणि ७२ टक्क्यांवरही रीडिंग घ्या. तिन्ही जवळपास सारखी आली तरच आकडा खरा. आणि दोन राइझरांमधली कंटिन्युइटी मायक्रो-ओहममीटरने नक्की घ्या. गंजून तुटलेली पट्टी पिटाच्या रीडिंगमध्ये दिसत नाही.

सीबीसीटीची टेस्ट साध्या वायरने होते. कड्यातून वायरचे दहा वेढे घ्या, २ अँपिअर सोडा. कड्याला ते २० अँपिअर वाटतात. रिलेच्या डिस्प्लेवर २० दिसायला हवेत. मग सेटिंग ओलांडायला २० पुरेसे असतील तर ब्रेकर खरोखर उडवून बघा, नुसता ट्रिपचा दिवा बघून समाधान मानू नका.

लाइट परत आल्यावर लोड चढला की रिलेमधला रेसिड्युअल करंट बघा. शून्याच्या जवळ हवा. तो फेजच्या करंटच्या दुप्पट दिसला तर तीनपैकी एका सीटीची पोलॅरिटी उलटी लागलीय, आणि सेटिंग ओलांडलं की विनाकारण ट्रिप ठरलेला.

नव्या सबस्टेशनला चार्ज करण्याआधी विद्युत निरीक्षकांची परवानगी लागते आणि ते टेस्टची कागदपत्रं बघतात. तपासणीचा आधार केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०२३ चे सुरक्षा नियम. त्यातलं अर्थिंगचं प्रकरण एकदा स्वतः वाचा, दुसऱ्याच्या फोटोकॉपीवर जाऊ नका.

आमच्या अर्थिंगच्या नोंदवहीत तारीख, पिटाचा नंबर, रीडिंग आणि सही एवढेच रकाने होते. मी दोन वाढवले: शेवटचा पाऊस कधी पडला, आणि पिटात पाणी टाकलं होतं का. दुसऱ्या रकान्यात पहिले तीन महिने सगळीकडे ‘नाही’ लिहून येत होतं. मग टँकरची पावती त्याच पानाला टाचायला सांगितली.